स्तनपान, नवजात अर्भकाचे
प्रसूतीनंतर तासाभरातच बाळाला छातीशी घ्यावे. पहिले दोन-तीन दिवस येणारा दाट, पिवळसर चीक मोजके चमचेच असतो, पण रोगांपासून बचाव करणारी द्रव्ये त्यात सर्वाधिक असतात. तो पिळून टाकणे किंवा त्याआधी मध, घुटी चाटवणे यात बाळाचे नुकसानच आहे. दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरून येते. बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पिते. बोंडीसोबत भोवतालची काळसर त्वचाही तोंडात गेली, की चिरा पडणे बहुधा टळते. आठवड्यानंतर दिवसाला सहा-सात वेळा लघवी झाली, की दूध पुरते आहे असे समजावे.

लासलगावच्या (ता. निफाड, जि. नाशिक) कांदा खळ्यांवर निवड-प्रतवारीला बायका असतात. रोजंदारीवरच्या बाळंतिणीला २०१७ च्या कायदादुरुस्तीतली २६ आठवड्यांची पगारी रजा मिळत नाही, आणि स्तनपानातली खरी अडचण हीच आहे. बाळाला घरी ठेवून कामावर जावे लागले, तर दूध काढून ठेवावे; फार उकाडा नसेल तर हाताने काढलेले दूध झाकणाच्या स्वच्छ भांड्यात चार तास टिकते. ते वाटी-चमच्याने पाजावे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांनी आईला बळ मिळते, दूध मात्र वारंवार पाजण्यानेच वाढते. आईच्या दुधाला मुकलेल्या बाळांसाठी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात देशातली पहिली दुग्धपेढी उभारली.