महाड-पोलादपूर परिसर आणि व्यवहारोपयोगी शिक्षणातील ज्योतिःशास्त्राचे स्थान

राष्ट्रीय शिक्षणाची योजना आखताना, जो विषय चरितार्थास अथवा उत्पादनवाढीस उपयोगी पडत नाही त्यास अभ्यासक्रमात जागा का द्यावी, असा प्रश्न वारंवार विचारला जातो; आणि तो विचारला गेला की पहिला घाव बहुधा ज्योतिःशास्त्रावर पडतो. (येथे गणितज्योतिष अभिप्रेत आहे, फलज्योतिष नव्हे.) या शास्त्राचे कैवारी त्याच्या समर्थनार्थ कुतूहल आणि बुद्धीची विशालता यांचा दाखला देतात. परंतु उपयुक्ततावाद्यास या उत्तराने समाधान होणे कठीण. म्हणून प्रस्तुत टिपणात त्याचीच कसोटी मान्य करून ती रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या इतिहासास लावून पाहावयाची आहे.

महाड समुद्रापासून दूर असले तरी सावित्रीच्या खाडीवरील ते एक जुने बंदर होय. बाणकोटच्या मुखातून शिरणाऱ्या भरतीवर लहान गलबतांची ये-जा अवलंबून असे. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील ठोकताळा असा : तिथीस ३ ने गुणून ४ ने भागावे, म्हणजे किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची स्थूल वेळ तासांत येते. त्यानुसार अष्टमीस ती सहाच्या सुमारास येते. खाडीत आत जावे तसा विलंब वाढतो. उधाण आणि भांग यांचा चंद्राच्या कलांशी असलेला संबंध तांडेलास पुस्तकातून शिकावा लागत नसे. पोलादपूरकडील डोंगरउतारांवरील शेतकरी तर सूर्यनक्षत्रांवरच पेरणी-लावणीचा हिशेब ठेवी. मात्र ही नक्षत्रे निरयन असल्यामुळे ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत १ दिवस पुढे सरकतात. आज ७ वा ८ जूनला लागणारे मृग राज्याभिषेकाच्या काळी, आजच्याच गणनेने, सुमारे ५ दिवस आधी लागत असे. हा फरक परंपरेने कळत नाही, गणितानेच कळतो.

ज्योतिःशास्त्र व्यवहारासाठी सुलभ करण्याचा मोठा प्रयत्नही याच जिल्ह्यात झाला. मुरुड-जंजिऱ्याजवळील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये (इ. स. १५२०) ‘ग्रहलाघव’ रचला. ज्या-चापांचे क्लिष्ट गणित टाळून आणि ११ वर्षांचे चक्र योजून ग्रहगणित सामान्य जोशाच्या आवाक्यात आणणे, हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय. त्याचा पिता केशव दैवज्ञ स्वतः वेध घेणारा होता. परंतु सुलभतेची किंमतही द्यावी लागली. कोष्टके हाती आली, तसे वेध मागे पडले. आणि पुढील पिढ्यांनी ग्रंथ पाठ केला, आकाश पाहिले नाही. केवळ तत्काल उपयोगाकडे पाहणाऱ्या शिक्षणास यातून घेण्यासारखा धडा आहे.

एकोणिसाव्या शतकात हा खंडित धागा पुन्हा जोडणारी माणसेही याच टापूतील व त्याच्या शेजारची होती. १८२६ मध्ये मुंबईस स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेत अलिबागजवळील नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी काम केले आणि १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. दापोलीजवळील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे मराठी शाळांतील आणि ट्रेनिंग कॉलेजातील शिक्षक. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेतील एका अध्यापकाच्या हातून असा ग्रंथ निर्माण व्हावा, ही घटना शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास तर हा विषय टाळताच येत नाही. ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपुरास आहे. त्यांच्या ग्रंथात शिवजन्माची मिती शके १५५१ फाल्गुन वद्य ३ अशी मिळते. ‘जेधे शकावली’तही तीच आहे. तिची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या, म्हणजे ज्युलियन, गणनेची होय. ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च येतो. महाड तालुक्यातील रायगडावर ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ या दिवशी झालेल्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही अशीच ज्युलियन आहे. ग्रेगोरियन गणनेने ती १६ जून होते. इंग्रज त्या काळी जुनी गणना पाळीत, तर चौलचे पोर्तुगीज नवी. म्हणून एकाच दिवशी लिहिलेल्या त्यांच्या दोन पत्रांवर १० दिवसांच्या अंतराच्या तारखा पडत. हे ज्यास ठाऊक नाही, तो घटनांचा क्रम उलटा लावील आणि कार्यास कारण ठरवील. जंत्री हाताशी असून भागत नाही. ती कोणत्या तत्त्वावर रचली आहे हेही कळावे लागते.

सारांश, ज्योतिःशास्त्रास शाळेत स्वतंत्र विषयाचा मान मिळावा असा आमचा आग्रह नाही. भूगोलात भरती-ओहोटी व ऋतू, गणितात तिथी आणि अधिकमास, इतिहासात कालगणना या ठिकाणी त्याचे स्थान स्वाभाविक आहे. मात्र त्याबरोबर प्रत्यक्ष वेधाची थोडी तरी सवय लागली पाहिजे. महाडच्या विद्यार्थ्याने एक महिनाभर सावित्रीच्या भरतीची वेळ आणि चंद्राची कला वहीत टिपावी. वरील ठोकताळा कोठे जुळतो व कोठे चुकतो, हे त्याचे त्यासच दिसून येईल. जे शिक्षण एवढेही साधीत नाही, त्यास व्यवहारोपयोगी तरी कसे म्हणावे?