पेट्रोलचे दोन आणे आणि सायकलीची वाट

शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवरच्या सायकल शर्यतींना गेल्या वीस वर्षांत जगभर मोठे महत्त्व आले आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ साली सुरू झालेल्या शर्यतीत स्वार कुरणे आणि शेते यांच्यामधल्या खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैल सायकल मारतात. इटलीत टस्कनीच्या पांढऱ्या रस्त्यांवर २००७ पासून व्यावसायिकांची शर्यत होते, आणि २०२२ साली सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘ग्रॅव्हल’ या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. त्यासाठीच्या रुंद टायरांच्या सायकली आता मुंबईतही मिळतात. त्यांच्याकडे पाहताना आपण सहज म्हणून जातो की ही बाहेरून आलेली, खिसा भरलेल्यांची नवी हौस आहे. मला हे मत अर्धेच खरे वाटते. सायकली महाग आहेत, नावही परके आहे, हे कबूल. पण मुंबईच्या सायकलीचा इतिहास खडी, मुरूम आणि धूळ यांच्यापासूनच सुरू होतो. डांबर नंतर आले, ते सायकलीसाठी आले नाही, आणि जसजसे ते रुंदावत गेले तसतशी सायकल त्याच्या कडेला आणि शेवटी त्याच्या बाहेर गेली. आजचा सायकलस्वार शेतवाटेकडे वळतो आहे, त्यामागे हा शंभर वर्षांचा प्रवास आहे.

आधी रस्त्याचेच पाहू. मुंबईहून देशावर जाणारा बोरघाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली खुला झाला. तोवर घाटातून माल चढे-उतरे तो बैलांच्या पाठीवरून. त्यानंतर बैलगाड्या घाट चढू लागल्या. त्या काळचा चांगला रस्ता म्हणजे फोडलेल्या दगडाचे थर, वर बारीक खडी आणि मुरूम, आणि पाणी मारून केलेली दाबाई. या रस्त्याची गंमत अशी की वाहतूकच त्याला घट्ट करत असे. बैलगाडीची लोखंडी धाव खडीवरून फिरे, खडीचा चुरा होई, तो चुरा पावसाच्या पाण्याबरोबर फटींत बसे आणि दगड एकमेकांना धरून राहत. आजच्या रूपातली, दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास आली, हवेचा टायर १८८८ साली आला, आणि पुढच्या काही वर्षांत दोन्ही मुंबईच्या बंदरात उतरली. तिला मिळाला तो हाच रस्ता. म्हणजे हवेचा टायर जन्मला तोच खडबडीत वाटेसाठी. गुळगुळीत रस्ता त्याच्या नशिबी पुढे आला. मोटारीने या रस्त्याचे गणित बिघडवले. वेगाने जाणाऱ्या रबरी चाकाने खडीतला तो बारीक चुरा उपसून हवेत उडवला, दगड सुटे झाले, रस्त्याला खड्डे पडले आणि दुतर्फा राहणाऱ्यांच्या नाकातोंडात धूळ गेली. तो चुरा चिकटवून ठेवण्यासाठी डांबर लागले. बैलगाडीला डांबराची गरज नव्हती, सायकलीने रस्त्याचे कधी नुकसान केले नव्हते. गरज मोटारीची होती.

या खडीच्या काळात मुंबईच्या सायकलस्वारांनी काय केले, याची नोंद पाहिली तर थक्क व्हायला होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा, मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर पुरे करून परतले. बलुचिस्तान, इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असा तो मार्ग होता. बगदाद ते अलेप्पो हा साडेनऊशे किलोमीटरचा वाळवंटी पल्ला त्यांनी २३ दिवसांत काटला; दिवसाला सरासरी चाळीस किलोमीटर, तेही जिथे रस्ता म्हणावे असे फारसे काही नव्हते. त्यांचे प्रवासवर्णन १९३१ साली निघाले तेव्हा जवाहरलाल नेहरूंनी त्याला प्रस्तावना लिहिली. १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर हा मुंबईचा क्रीडापत्रकार एकटाच निघाला, व्हिएन्नात त्याला गुस्ताव श्टाव्यानिक हा सोबती मिळाला, आणि सहारा व अ‍ॅमेझॉनचे खोरे पार करून ते १९३१ साली फेरी संपवून मोकळे झाले. १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ निघाले. ते परतले १९४२ साली, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना. एका दशकात एका शहरातून अशा तीन मोहिमा निघाव्यात, हा योगायोग मानता येणार नाही. शरीर कमावण्याचे वारे तेव्हा सगळ्या शहरात वाहत होते. पहिली तुकडी निघाली त्यानंतर दोनच वर्षांनी दादरला समर्थ व्यायाम मंदिर उभे राहिले. क्लबातले वजन आणि आखाड्यातला मल्लखांब यांची घडण वेगळी असली, तरी अंग झिजवून स्वतःला तपासायचे ही ओढ दोन्हीकडे एकच होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की त्यांना पर्याय कुठे होता? जग कच्च्या रस्त्यांचे होते म्हणून ते कच्च्या रस्त्यांनी गेले. आजचा स्वार मात्र डांबर सोडून मुद्दाम मातीत उतरतो. हा फरक दिसतो तेवढा मोठा नाही. मुंबईच्या गोदीतून बसऱ्याला आणि युरोपला आगबोटी नियमित सुटत होत्या. ज्याला फक्त जग पाहायचे होते त्याच्यासाठी समुद्र हीच सोपी वाट होती, आणि महासागर आडवा आला तिथे या मंडळींनीही बोट घेतलीच. मुलतान-क्वेट्ट्याकडचे आणि इराण-इराकचे पल्ले त्यांनी जमिनीवरून मारले, कारण तिथली अडचण त्यांना हवी होती. दुसरा आक्षेप, तो प्रवास होता, शर्यत नव्हे. पण जिथे दिवस मोजले जातात, अंतर लिहून ठेवले जाते आणि ‘हे वाळवंट सायकलीने प्रथम आम्ही ओलांडले’ असे सांगण्यात अभिमान असतो, तिथे स्पर्धा असतेच. आजच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींतही पहिल्या दहांत येण्याची शक्यता असलेले स्वार थोडेच असतात. बाकीच्यांचा सामना घड्याळाशी आणि वाटेशी चालतो.

हकीम, बापासोला आणि भुमगारा परतले त्याच सुमारास रस्त्याचे भवितव्य ठरत होते, आणि ते ठरवणाऱ्या समितीचा अध्यक्ष मुंबईकर होता, ही गोष्ट सायकलीच्या इतिहासात जवळजवळ कुणी नोंदवत नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, गिरगावातल्या आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, यांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारने नोव्हेंबर १९२७ मध्ये रस्ते विकास समिती नेमली. १९२८ च्या अहवालात समितीने म्हटले की रस्ते हा विषय आता प्रांतांच्या आणि स्थानिक मंडळांच्या कुवतीबाहेर गेला आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारावा. १९२९ मध्ये पेट्रोलवरचा कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे झाला. ते वाढीव दोन आणे रस्त्यांचे. शिफारस दूरदृष्टीची होती. आजच्या महामार्गांचे मूळ तिथे आहे आणि जयकरांना त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्या निधीचे वाटप प्रांतांना मिळाले ते तिथे किती पेट्रोल खपते त्या प्रमाणात. ज्याने इंधन जाळले त्याचा रस्त्यावर हक्क, असा हिशेब त्यातून नकळत रूढ झाला. बैलगाडीवाला आणि सायकलवाला पेट्रोल घेत नव्हते, म्हणून त्या वहीत त्यांचे खातेच नव्हते. इंग्लंड-अमेरिकेत हेच जरा निराळ्या क्रमाने घडले. तिथे चांगल्या रस्त्यांची चळवळ १८८० नंतर सायकलस्वारांनीच उभारली, आणि रस्ते झाल्यावर त्यांच्यावर मोटार बसली. आपल्याकडे सायकलस्वाराला मागणी करायलाही वेळ मिळाला नाही.

इथे एक वजनदार प्रतिवाद आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इंधनावरच्या अधिभारातूनच पुढे खेड्यांना रस्ते मिळाले. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेला मोठा आधार डिझेलवरच्या अधिभाराचा होता. पावसाळ्यात चार महिने तुटणाऱ्या वस्त्यांना या रस्त्यांनी दवाखाना, शाळा, बाजार जवळ आणला. हे खरे आहे आणि मोलाचे आहे. फक्त ती योजना वस्तीला वस्ती जोडते. वस्तीपासून शेतापर्यंतची पाणंद, दोन गावांच्या हद्दीवरचा शिवरस्ता, गावनकाशावर तुटक रेषांनी दाखवलेली गाडीवाट या तिच्या बाहेर राहिल्या. म्हणून आज महाराष्ट्रात मोटारीच्या पैशाने न बनलेले रस्ते कुठे उरले असतील तर ते शेतांत.

मुंबईच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक टोकदार होते. गिरणगावाने सायकल ओळखली ती कामाची वस्तू म्हणून: दूधवाल्याची, पाववाल्याची, पोस्टमनची, डब्यांच्या ओझ्याखाली वाकलेली. वरळीत हिंद सायकल्सचा कारखाना होता, गिरण्यांच्या आणि बीडीडी चाळींच्या शेजारात; तो डबघाईला आल्यावर १९८० साली संसदेने कायदा करून त्याचे राष्ट्रीयीकरण केले, आणि तरीही तो टिकला नाही. पृथ्वीप्रदक्षिणा पारशी तरुणांच्या वाट्याला का आली आणि लालबाग-परळच्या कामगाराच्या का नाही, याचे उत्तर पगारात आणि रजेत आहे. पाच वर्षे गिरणीबाहेर राहणे कुणालाच परवडणारे नव्हते. मात्र डबेवाले ज्या मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नरमधून आले, तिथल्या शेतवाटा त्यांना पायाखालच्या होत्या, आणि दादर-परळला तीच माणसे सायकल दामटत होती. आता या माणसाने परळहून सायकलीने घाटावर जायचे ठरवले तर? शिवडीहून निघणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, त्यावर सायकलीला बंदी. वरळीचा सागरी सेतू २००९ चा, त्यावर बंदी. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बंदी. वेगवान वाहनांच्या मार्गावर सायकल धोक्याची, हे सुरक्षेचे कारण मी खोटे म्हणत नाही. मुद्दा एवढाच की प्रत्येक नवा रस्ता सायकलीला वगळूनच आखला गेला, आणि तिच्यासाठी शेजारी वेगळी पट्टी आखावी हे आखणाऱ्यांना सुचले नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या राजाचे राज्य जुन्या महामार्गापुरते उरले आहे.

सगळ्यांत कठीण आक्षेप शेतकऱ्याचा आहे. काळ्या जमिनीतली पाणंद जूनमध्ये गुडघाभर चिखलाची होते. तिथून ऊस काढणे, कांदा बाहेर आणणे, बाळंतिणीला नेणे काय असते ते त्यालाच ठाऊक. शहरातून रविवारी आलेल्या माणसाने ‘हा रस्ता असाच कच्चा राहू दे’ म्हणावे, यासारखी क्रूर मागणी नाही. असे वाद परदेशातही आहेत. पॅरिस-रुबे ही शर्यत १८९६ पासून चालू आहे आणि उत्तर फ्रान्समधल्या दगडी शेतरस्त्यांवर ती जगते. पण महायुद्धानंतर तिथल्या गावांनी ते रस्ते एकेक करून डांबरून टाकले, कारण गावांना ते मागासलेपणाचे चिन्ह वाटत. शर्यतीच्या चाहत्यांनी स्वतः दगड बसवण्याची, दुरुस्तीची जबाबदारी घेतली तेव्हा उरलेले वाचले. मला हा धडा आपल्याला लागू वाटतो. चिखल आणि डांबर यांच्या मध्ये एक तिसरा रस्ता आहे, आणि तो १८३० पासून आपल्या ओळखीचा आहे: उंच भराव, दोन्ही बाजूंना चर, खडी, मुरूम, दाबाई. राज्य सरकारने २०२१ मध्ये आणलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत मातीकाम आणि खडीकरण हेच मुख्य काम आहे. ट्रॅक्टरला तो रस्ता बारमाही पुरतो आणि रुंद टायरच्या सायकलीलाही पुरतो. जानेवारी २०२६ मधल्या पुणे ग्रँड टूरसाठी शेकडो किलोमीटर रस्ते नव्याने डांबरले गेले, ही सायकलीच्या नावाने झालेली मोठी गोष्ट आहे. तिच्यातल्या खर्चाचा छोटासा वाटा पाणंदींच्या चरांना आणि मोऱ्यांना मिळाला, तर शेतवाटेवरच्या शर्यतीला गावात तोंड दाखवायला जागा राहील.

कायद्याने या वाटांवर पहिला हक्क शेत कसणाऱ्याचा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली वाटेतला अडथळा तहसीलदार दूर करू शकतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून जाण्याचा रस्ता मागता येतो. हे दोन्ही हक्क सातबाऱ्याशी जोडलेले आहेत, सायकलस्वाराला त्यांत स्थान नाही. तेव्हा शर्यत भरवणाऱ्याने परवानगी मागायची ती जिल्हा कार्यालयाइतकीच ग्रामसभेकडे, तारीख धरायची ती ज्वारीची काढणी आणि ऊसतोडीच्या गाड्या यांचा अंदाज घेऊन, आणि रस्ता अडवायचा नाही. बैलगाडी समोरून आली तर सायकलीने बाजूला व्हायचे, वेळ गेला तरी.