लोदी बागेतील पक्षी आणि त्यांच्या नोंदवह्या

कार्तिक सरत आला की दिल्लीची पहाट बोचरी होऊ लागते. अशा एका रविवारी, उजाडता उजाडता, आपल्या मंडळातील तीन-चार कुटुंबे लोदी बागेच्या दाराशी जमतात आणि येथील जाणत्या पक्षिनिरीक्षकांबरोबर दोन-अडीच तास हिंडतात. गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू यांविषयी या स्मरणिकेत इतरत्र वाचावयास मिळेलच. परंतु या लहानशा फेरीच्या पाठीशीही एक इतिहास उभा आहे, तो सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

बागेतील घुमट सय्यद व लोदी सुलतानांच्या काळचे. त्यांच्या आसपास वसलेले खैरपूर हे खेडे उठवून १९३६ साली येथे ‘लेडी विलिंग्डन पार्क’ झाले, आणि स्वातंत्र्यानंतर त्याला आजचे नाव मिळाले. सुलतान लक्षात राहिले, खैरपूरकर विस्मृतीत गेले. जे लिहिले जात नाही त्याचे असेच होते. असो.

दिल्लीचे पक्षी मात्र याबाबतीत भाग्यवान ठरले. महायुद्धाच्या काळात येथे नेमणुकीवर असलेले हटसन नावाचे सेनाधिकारी फावल्या वेळी पक्ष्यांची टिपणे ठेवीत. १९५० साली होरेस अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने दिल्ली बर्ड वॉचिंग सोसायटी स्थापन झाली आणि तिने १९५४ मध्ये ती टिपणे पुस्तकरूपाने काढली. हे अलेक्झांडर म्हणजे गांधीजींचे क्वेकर स्नेही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी कलकत्त्यास बेलियाघाट्याच्या घरात ते गांधीजींसमवेत होते. सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत इंदिरा गांधीही होत्या. पुढे उषा गांगुली यांनी दिल्ली परिसरातील पक्ष्यांवर सविस्तर ग्रंथ सिद्ध केला. तो १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो पाहण्यास त्या हयात नव्हत्या. यांतील बहुतेकांचा हा व्यवसाय नव्हता. आपल्यासारखीच बदलीवर आलेली, नोकरीपेशातील माणसे ही; भेद इतकाच, की ती पाहिलेले लिहून ठेवीत.

आता फेरीकडे वळू. हिवाळी पाहुणे या सुमारास नुकतेच उतरलेले असतात. हिरवळीवर शेपटी हलवीत धावणारा धोबी आणि दगडी कठड्यावर थरथरणारा थिरथिरा ओळखण्यास वेळ लागत नाही. पानांआड मात्र एक हिरवट, अंगठ्याएवढा वटवट्या सतत चिवचिवत असतो. तो हिमालयाकडून येतो आणि त्याला अ‍ॅलन ह्यूम यांचे नाव आहे. होय, तेच ह्यूम! १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे सूत्रधार. हिंदुस्थान सरकारच्या महसूल, शेती व व्यापार खात्याचे ते सचिव होते आणि १८७९ साली त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. पक्ष्यांवरील महाग्रंथासाठी वर्षानुवर्षे जमविलेली त्यांची हस्तलिखिते सिमल्याच्या बंगल्यातून नोकराने रद्दीत विकली. सरकारी दप्तरात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याच्या पोटात हे वाचून कालवाकालव होते.

नोंदींचे मोल गिधाडांनी शिकविले. गालुशिन या सोव्हिएत शास्त्रज्ञाने साठीच्या दशकात दिल्लीतील शिकारी पक्षी मोजले. सुमारे १५० चौरस किलोमीटर परिसरात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या चारशेच्या आसपास जोड्या त्याला आढळल्या. भरतपूरला १९८० च्या दशकात मोजणी झालेली होती. नव्वदीच्या अखेरीस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी ती पुन्हा केली, म्हणूनच ऱ्हास ध्यानी आला. १९९२ ते २००७ या अवधीत देशात या जातीची हजारामागे एखाददुसरीच उरली. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडास मारक ठरत होते, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

मी १९९४ साली दिल्लीस रुजू झालो. यमुनापार जाताना बसच्या खिडकीतून उंच झाडांवर बसलेली गिधाडे दिसत. किती होती? शेवटचे केव्हा पाहिले? सांगता येत नाही. कार्यालयात प्रत्येक टिपणीखाली दिनांक घालणाऱ्या मजजवळ त्यांच्याविषयी एक ओळ नाही. मुलीने परवा विचारले, “बाबा, तुम्ही रोज बघत होतात ना?” तिला काय उत्तर द्यावे?

म्हणून आता वही ठेवतो. गेल्या फेरीत पिंपळाच्या शेंड्यावर हरियालांचा थवा उन्हात बसला होता. पिवळ्या पायांचे हे हिरवे कबूतर महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, हे कळल्यावर मंडळींनी गावचीच ओळख निघाल्यासारखा गलका केला आणि थवा उडाला. मोजून झाले होते, सतरा. अठपुल्याजवळ बसून पोहे खाताना प्रत्येकाची यादी वाचली गेली; दोघांच्या आकड्यांत फरक पडला, तोही तसाच लिहिला.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी ही फेरी असते. दुर्बीण नसली तरी चालते. वही व पेन्सिल आणावी, आणि मुलांना झोपेतून उठविण्याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी.