जन्मावरून गुन्हेगार, अहवालावरून ‘धोका’

‘हे पोरगं पुन्हा गुन्हा करणार का?’ बाल न्याय मंडळापुढे आलेल्या मुलाबद्दल हा प्रश्न हमखास विचारला जातो. या देशात एकेकाळी त्याचं उत्तर जन्मावरूनच ठरत होतं.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. नोंदणी, हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी. १८९७ च्या दुरुस्तीने ४ ते १८ वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवायची मुभा सरकारला मिळाली. मुलाने काय केलं हे कुणी विचारलं नाही. कुणाच्या पोटी जन्मलं एवढंच पाहिलं. याला नाव दिलं ‘सुधारणा’! निझामाच्या राज्यातल्या परभणीचीही यातून सुटका नव्हती. तिथेही असा कायदा होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती एकत्र मांडून हिंदू संस्कृतीलाच जाब विचारला.

३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला आणि पोलिसांची नजर तीच राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयालाही तुरुंग नियमावल्यांतल्या या नजरेवर बोट ठेवावं लागलं.

आता २०१५ चा बाल न्याय कायदा पाहा. तो मुलाला निर्दोष गृहीत धरतो, नवी सुरुवात देतो. परिविक्षा अधिकाऱ्याने १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घर, शाळा, सोबत, गुन्ह्याचं कारण, सगळं त्यात यावं. पण घरातल्या कुणावर गुन्हे आहेत का, हेही त्यात विचारतात. पारधी वस्तीत निव्वळ संशयावरून उचललेल्या बापाची नोंद मग पोराच्या माथी ‘धोका’ म्हणून बसते. १८९७ मागच्या दाराने आत येतं ते असं.

आमचं म्हणणं स्पष्ट आहे. बापावरची केस हा मुलाचा दोष नाही. गंगाखेडकडचं पोरगं आईबापांसोबत ऊसतोडीला गेलं आणि शाळा सुटली, तर अहवालात ‘शिक्षणात रस नाही’ असं लिहू नका. ‘वसतिगृह हवं’ असं लिहा. पहिलं वाक्य मुलावर शिक्का मारतं, दुसरं शासनाला कामाला लावतं.

परिविक्षा अधिकारी नसेल तर ही तपासणी समाजकार्यकर्त्याकडेही देता येते. कायद्यातच तशी तरतूद आहे. म्हणून मोर्चात पुढे असणाऱ्या आपल्या तरुणांनी मंडळाचा उंबराही झिजवला पाहिजे. ते १५ दिवस मोकळे सोडले, तर आपल्या पोरांचा इतिहास पुन्हा दुसरेच लिहितील.

जयभीम!