भाऊ, ताई आणि कूळ कायदा

राजकीय घराण्यातल्या स्त्रीचे चरित्र लिहायला बसले की पहिले वाक्य ठरलेले असते: अमुक यांची कन्या, तमुक यांची सून. शशिकला काकोडकर यांच्या बाबतीतही तेच होते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांची कन्या, वडिलांच्या निधनानंतर मुख्यमंत्री, असे म्हणून लिहिणारा पुढच्या माणसाकडे वळतो. १९७३ ते १९७९ अशी जवळपास सहा वर्षे त्या गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या प्रमुख होत्या. सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी यांच्यानंतर मुख्यमंत्रिपदी बसलेल्या त्या देशातल्या तिसऱ्या स्त्री. गोव्याला आजतागायत दुसरी महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. महाराष्ट्रात तर पहिलीच व्हायची आहे.

मी पेशाने इतिहासकार नाही. हिशेबनिसाची नोकरी सांभाळून सुट्ट्यांत पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसतो. जुनी राजपत्रे आणि वृत्तपत्रांच्या फायली चाळणे हा माझा कित्येक वर्षांचा छंद आहे. हिशेबाची सवय असल्याने ताईंच्या कारकिर्दीकडे पाहताना मला एकच प्रश्न पडत गेला. वडिलांकडून आले ते किती आणि त्यांचे स्वतःचे किती? या लेखात तेवढाच हिशेब मांडायचा आहे.

हाती काय आले?

आधी जमेची बाजू पाहू. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. खाणमालक असलेल्या बांदोडकरांनी १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते मुख्यमंत्री झाले. बहुजन समाजाला सत्तेत आणणारा, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडणारा आणि कुळाला भाटकारासमोर मान वर करून उभे करणारा नेता ही त्यांची ओळख. ही पुण्याई घरातच होती. १९७२च्या निवडणुकीनंतर शशिकलाताई वडिलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री होत्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊंचे निधन झाले आणि नेतृत्व त्यांच्याकडे आले. तेव्हा त्यांचे वय अडतीस होते.

गोव्यात तेव्हाही १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा लागू होता आणि त्यानुसार वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच. राजकारणातला वाटा कोणत्याही कायद्यात लिहिलेला नसतो, हे खरे. तरीही जिथे मुलगी वारस असणे ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे, तिथे लेकीने बापाची गादी चालवणे लोकांना फार नवलाचे वाटले नसावे, असा माझा अंदाज आहे. संबोधनेही पाहण्यासारखी आहेत. बाप सगळ्या गोव्याचा ‘भाऊ’ आणि लेक सगळ्या गोव्याची ‘ताई’. घरात नाते बाप-लेकीचे, पण मतदाराशी दोघांचेही भावंडांचे. वडिलांच्या नात्याची उसनवारी न करता ताईंनी लोकांशी स्वतःचे नाते जोडले, याची ही एक खूण मला वाटते.

आता नावेची बाजू. पक्षाच्या नावातच ‘महाराष्ट्रवादी’ हा शब्द होता. गोवा महाराष्ट्रात विलीन करणे हे त्याचे जन्मकारण. पण १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात १,७२,१९१ लोकांनी केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने मत दिले आणि विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांनी तो विषय संपला. त्यानंतरच्या निवडणुकीत लोकांनी भाऊंनाच पुन्हा निवडून दिले, पण ते भाऊंना म्हणून. ताईंच्या हाती आला तो मूळ ध्येय निकालात निघालेला आणि एका माणसाच्या शब्दावर चालण्याची सवय लागलेला पक्ष. १९७० साली या पक्षात भाऊंविरुद्धही बंड झाले होते. ते भाऊंनी पचवले. ताईंना मात्र तसे बंड पचवावे लागणार, हे त्यांनी शपथ घेतली त्या दिवशीच ठरले होते.

ताईंचे स्वतःचे

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी दोन शब्द उलगडून सांगतो. भाटकार म्हणजे जमीनमालक. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत, त्याच्या परवानगीने घर बांधून राहणारा माणूस. घर मुंडकाराचे, पण घराखालची जमीन भाटकाराची. भाटकाराची मर्जी फिरली की पिढ्यान्‌पिढ्यांचे घर सोडायची वेळ. शेत कसणाऱ्या कुळाची गत याहून फार वेगळी नव्हती. अशा माणसाला मताचा हक्क मिळाला, तरी ते मत वापरताना त्याची नजर भाटकाराच्या घराकडे जाणार.

भाऊंच्या काळात १९६४चा कूळ कायदा झाला. त्याने कुळाला संरक्षण दिले आणि खंडावर मर्यादा घातली. ती उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शाची होती. ही मोठी गोष्ट होती. पण कूळ कूळच राहिले, मालक झाले नाही. कायद्यांच्या तारखा ओळीने लावल्या की पुढचे पाऊल ताईंच्या काळात पडल्याचे स्वच्छ दिसते. १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. घराखालची आणि घराभोवतीची जमीन विकत घेण्याचा हक्क त्याने मुंडकाराला दिला. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ३०० चौरस मीटर आणि इतरत्र २०० चौरस मीटर, असे त्याचे माप. पाठोपाठ १९७६ साली कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती झाली. २० एप्रिल १९७६ हा ‘कसणाऱ्याचा दिवस’ ठरवून त्या दिवशी जमीन कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाईल, असे तिने जाहीर केले. किंमत मामलेदाराने ठरवायची आणि कुळाने भरायची.

ही दुरुस्ती हे ताईंच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम आहे, असे माझे मत आहे. वडिलांनी जिथे काम थांबवले होते त्याच्या पुढे त्या गेल्या आणि तेही पक्षाजवळ भाऊंचा दरारा उरलेला नसताना. शिवाय मतपेटीतही त्याचे उत्तर आले. १९७७ साली उत्तर भारतात काँग्रेस साफ झाली आणि जनता पक्षाची लाट आली. त्या वर्षी गोव्यात ३० पैकी १५ जागा मगो पक्षाला मिळाल्या आणि ताई पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. १९७३ची खुर्ची वारशाची म्हणता येईल. १९७७ची तशी म्हणता येणार नाही.

याच कायद्यांची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. भाटकार न्यायालयात गेले आणि वाद वर्षानुवर्षे रेंगाळले. मालक मानले जाणे आणि मालक असल्याचा कागद हाती पडणे यांत मामलेदार कचेरीचे लांबलचक अंतर होते. अनेक कुळांनी किंमत ठरवून घेतली नाही, सनद काढली नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव कूळ म्हणून लागलेले आणि नातू अजून तारखांना जातो आहे, अशी प्रकरणे आजही आहेत. कायदा करणाऱ्या सरकारने त्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा तितक्याच नेटाने उभी केली नाही. हे अपयश ताईंच्या सरकारच्या खात्यावर मांडावेच लागेल, आणि नंतरच्या प्रत्येक सरकारच्याही.

एप्रिल १९७९

दुसरी कारकीर्द दोन वर्षेही टिकली नाही. समुद्रात यांत्रिक ट्रॉलर आले आणि रापण ओढून जगणाऱ्या रापणकारांच्या पोटावर पाय आला. त्यांचे आंदोलन पेटले. बसभाड्यात निम्मी सवलत मागत १९७८-७९मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. दोन्ही प्रश्न भाटकार आणि कूळ या जुन्या चौकटीत बसणारे नव्हते. शेतातल्या गरिबाची भाषा ज्या सरकारला उत्तम कळत होती, त्याला किनाऱ्यावरच्या गरिबाची आणि शाळा-कॉलेजातल्या नव्या पिढीची भाषा वेळेवर कळली नाही. ही पिढी बऱ्याच अंशी भाऊंच्याच शाळांतून शिकून वर आलेली होती.

पण सरकार पडले ते रस्त्यावर नव्हे, विधानसभेत. सत्ताधारी पक्षाचे तीन आमदार फुटले आणि इतक्या काठावरच्या बहुमतात तेवढे पुरेसे होते. २७ एप्रिल १९७९ रोजी राष्ट्रपती राजवट लागू झाली. जानेवारी १९८०च्या निवडणुकीत मगो पक्ष सात जागांवर आला आणि सत्ता काँग्रेसकडे गेली. नवे मुख्यमंत्री प्रतापसिंग राणे हे एके काळी भाऊंच्याच मंत्रिमंडळात होते.

पुढची दहा वर्षे मी चटकन ओलांडतो. ताई काही काळ काँग्रेसमध्ये गेल्या, तिथून बाहेर पडल्या, वडिलांच्या नावाने ‘भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष’ काढला, त्याला यश आले नाही आणि त्या पुन्हा मगो पक्षात परतल्या. वडिलांचे नाव पाटीवर लिहून मते मिळत नाहीत, हे १९८४ साली मतदारांनी त्यांना दाखवून दिले. वारशाची ताकद किती असते याचा तो रोखठोक पुरावा.

शाळेची भाषा

१९९०च्या आघाडी सरकारात त्या शिक्षणमंत्री झाल्या आणि कूळ कायद्याच्या तोडीचा एक निर्णय त्यांच्या हातून झाला. सरकारी अनुदान फक्त मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच मिळेल, असे धोरण ठरले. चर्चच्या अखत्यारीतल्या अनेक शाळा तोपर्यंत इंग्रजी माध्यमाच्या होत्या. अनुदान टिकवण्यासाठी त्यांनी माध्यम बदलले आणि कोकणी स्वीकारली.

यातली गंमत मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, या वादात ताईंचा पक्ष सदैव मराठीच्या बाजूने. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद ठेवली. यावर मराठीवादी नाराज होते. आणि अशा पक्षाच्या नेत्या असलेल्या मंत्र्याच्या निर्णयाने कोकणी माध्यमाच्या शाळांना बळ मिळाले. त्यांना हे कळत नसेल असे मानणे बाळबोध ठरेल. मूल घरात बोलते त्याच्या जवळच्या भाषेत शिकावे, हा आग्रह त्यांनी पक्षीय वादाच्या वर ठेवला, असाच याचा अर्थ मी लावतो.

२०११ साली इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा या अर्थाला पुष्टी मिळाली. विरोधासाठी भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला आणि त्याचे नेतृत्व पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताईंकडे आले. त्याच मंचावर उदय भेंब्रे होते. जनमत कौलाच्या वेळी ‘राष्ट्रमत’मधल्या आपल्या सदरातून त्यांनी भाऊंच्या विलीनीकरणवादावर घणाघाती टीका केली होती. भाऊंची लेक आणि भाऊंचा कडवा टीकाकार चार दशकांनंतर एकाच मागणीसाठी एकत्र बसले. सरकारे बदलली, मागणी मान्य झाली नाही. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी ताईंचे निधन झाले.

माझ्यापुरता हिशेब असा लागतो. पक्ष, नाव आणि पहिली खुर्ची हे सारे वडिलांचे. मुंडकार कायदा, पाचवी दुरुस्ती, १९७७चा कौल आणि शाळेच्या भाषेचा आग्रह हे त्यांचे स्वतःचे. रापणकारांकडे झालेले दुर्लक्ष आणि दुसरी फळी उभी न करणे, हेही त्यांचेच. १९७५-७६च्या कायद्यांमागे मंत्रिमंडळातल्या चर्चा कशा झाल्या, कोणत्या कलमावर कोण अडले, हे धागे कोणीतरी तरुण अभ्यासकाने विधानसभेच्या कामकाजाच्या वृत्तांतांतून सलग उलगडायला हवेत. ज्या मुंडकारांनी त्या कायद्याखाली आपल्या घराखालची जमीन नावावर करून घेतली, त्यांच्यातले काही वृद्ध अजून हयात आहेत. त्यांच्या आठवणी टिपायला आता फार वेळ उरलेला नाही.