बुटेबल सीडीतली राखीव जागा

संगणकाच्या सीडीवर डेटा कसा मांडायचा, हे ठरवायला १९८५ मध्ये काही कंपन्यांची माणसं अमेरिकेत लेक ताहोजवळच्या हाय सिएरा हॉटेलात जमली. त्या बैठकीतून निघालेला आराखडा थोड्या फेरफाराने १९८८ मध्ये आयएसओ ९६६० हे मानक झाला. त्यात सीडीचे पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी जागा, कोरी सोडलेली होती. संगणक बूट करण्यासाठीही एक नोंद राखली होती, पण त्या नोंदीत काय लिहायचं ते ठरवलं नव्हतं. मला या मानकाचं सगळ्यात मोठं शहाणपण या रिकाम्या जागांत दिसतं.

मानकाच्या सगळ्यात साध्या पातळीत फाइलचं नाव आठ अक्षरं आणि तीन अक्षरांचं शेपूट, इतकंच मावे. युनिक्सची लांब नावं, फाइलचा मालक, परवानग्या यांना नीट थारा नव्हता. रॉक रिज या पुरवणीने हे सगळं प्रत्येक फाइलच्या नोंदीत शेवटी राखलेल्या जागेत बसवलं. लिनक्सवर एरिक यंगडेल यांचा मेकआयएसओएफएस हा प्रोग्रॅम सीडीच्या मजकुराची अशी इमेज, म्हणजे एकसंध फाइल, बांधू लागला आणि बर्लिनच्या यॉर्ग शिलिंग यांचा सीडीरेकॉर्ड ती चकतीवर उतरवू लागला.

उतरवण्याचं काम धाकधुकीचं होतं. लेझर एकदा सुरू झाला की थांबत नसे. डेटा क्षणभर अडला की चकती वाया. म्हणून सीडीरेकॉर्ड मेमरीत डेटाचा साठा आधीच भरून ठेवी. २००० च्या सुमारास सान्योचं बर्न-प्रूफ तंत्र आलं आणि ड्राइव्हलाच थांबून पुन्हा तिथूनच पुढे लिहिता येऊ लागलं.

बूट करण्याचा प्रश्न फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये एल टोरिटो या मानकाने सोडवला. त्याने ती राखीव नोंद वापरली. संगणक सुरू करणाऱ्या बायॉसला फ्लॉपीवरून बूट करणं ठाऊक होतं, म्हणून सीडीत १.४४ एमबीच्या फ्लॉपीची प्रतिमा ठेवायची आणि बायॉसला ती खरी फ्लॉपी भासवायची! पुढे पीटर अॅन्व्हिन यांच्या आयसोलिनक्स या प्रोग्रॅमने हे सोंग न घेता थेट सीडीवरून लिनक्स सुरू केलं. क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्स या सीडीवरच्या लिनक्सने तर हार्ड डिस्कला हातही न लावता पूर्ण डेस्कटॉप उभा केला.

आपल्याकडे अशा सीडीचं मोल वेगळंच होतं. ५६ केबीपीएसच्या डायल-अपवर ७०० एमबी उतरवायला, पूर्ण वेग मिळाला तरी, दिवसाहून अधिक लागे. त्यामुळे मासिकासोबत आलेली एखादी सीडी हॉस्टेलभर राइट होत फिरे.

पीसीवर त्या १६ कोऱ्या सेक्टरांचा उपयोग बराच उशिरा झाला. २००८ च्या सुमारास आयसोहायब्रिड या साधनाने तिथे हार्ड डिस्कसारखा बूट सेक्टर लिहिला. सीडी म्हणून वाचताना तिकडे कोणी बघत नाही. पेनड्राइव्हवर मात्र बायॉस पहिला तोच वाचतो. म्हणूनच डेबियनची एकच आयएसओ फाइल सीडीवर बर्न केली तरी चालते, आणि डीडी या कमांडने पेनड्राइव्हवर उतरवली तरीही.