भारनियमन, डेटा सेंटर आणि ब्रॉडबँड सेवा : शेलूबाजारच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे नागपूर-छत्रपती संभाजीनगर आणि अकोला-मंगरूळपीर हे दोन मार्ग जेथे एकमेकांस छेदतात तेथे वसलेले बाजाराचे गाव आहे. अशा गावात इंटरनेट बंद पडले की ग्राहकास दोनपैकी एक उत्तर मिळते : 'लाइट गेली' किंवा 'सर्व्हर डाऊन आहे'. पहिले उत्तर गावाच्या रोहित्राकडे निर्देश करते, दुसरे शेकडो किलोमीटर दूरच्या डेटा सेंटरकडे. दुसऱ्या उत्तरामागेही पुष्कळदा वीजच असते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. बिघाडाचे ठिकाण गावातून महानगराकडे कसे सरकले आणि वीज राखून ठेवण्याची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तांब्याची तार आणि एक्स्चेंजची बॅटरी

दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही वाहत असे. एक्स्चेंजमध्ये प्रत्येकी 2 व्होल्टचे 24 सेल जोडून 48 व्होल्टचा बॅटरीसंच ठेवलेला असतो. त्यावरूनच ग्राहकाच्या घरातील यंत्राला प्रवाह मिळतो. म्हणून गावात अंधार असला तरी दूरध्वनी चालू राही. 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी 128 जोडण्यांचे स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले. त्याला वातानुकूलन लागत नसे. उष्णता, धूळ आणि बेभरवशाची वीज गृहीत धरून केलेली ही रचना होती. भारतीय खेड्याची वस्तुस्थिती आधी मान्य करून मग यंत्र घडविण्याचे असे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल.

ऑक्टोबर 2004 मध्ये केंद्र शासनाने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. किमान 256 केबीपीएस वेग म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या त्यात होती. जानेवारी 2005 मध्ये भारत संचार निगमची डेटावन सेवा सुरू झाली. तार जुनीच राहिली. परंतु ग्राहकाच्या टेबलावरील मोडेम घरच्या 230 व्होल्टवर चालणारा होता. त्यामुळे वीज गेली की दूरध्वनीत टोन ऐकू येई आणि मोडेमचे दिवे मात्र विझलेले असत. एकाच तारेवरील दोन सेवांचे नशीब येथे प्रथमच वेगळे झाले.

भारनियमनाचे दशक

ब्रॉडबँडचे आगमन आणि राज्यातील तीव्र भारनियमन यांचा काळ एकच आहे. दाभोळ प्रकल्प मे 2001 मध्ये बंद पडला. जून 2005 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण व महानिर्मिती या कंपन्या अस्तित्वात आल्या. पुढील काही वर्षे विजेची मागणी आणि उपलब्धता यांत हजारो मेगावॉटची तफावत राहिली. जेथे वीजगळती अधिक आणि वसुली कमी, तेथे अधिक तास भारनियमन असे सूत्र स्वीकारण्यात आले. त्याचा भार ग्रामीण भागावर अधिक पडणे अपरिहार्य होते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर आणि शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारस ही औष्णिक केंद्रे विदर्भात आहेत. तरीही विदर्भातील खेड्यांत अंधार आणि भारनियमनातून वगळलेल्या मुंबईत अखंड वीज, हे त्या दशकाचे चित्र होते.

मुंबईच्या या अखंडतेमागे एक विशेष तांत्रिक व्यवस्था होती. राज्याच्या ग्रिडमध्ये मोठा बिघाड झाल्यास शहराने स्वतःला ग्रिडपासून विलग करावे आणि तुर्भ्यासारख्या (ट्रॉम्बे) स्थानिक केंद्रांच्या विजेवर चालू राहावे, अशी ही 'आयलँडिंग' पद्धत 1980 च्या दशकापासून वापरात आहे. खात्रीची वीज आणि समुद्राखालील केबलांची टोके या दोन कारणांनी देशातील डेटा सेंटर मोठ्या प्रमाणात मुंबई व नवी मुंबईत एकवटली. म्हणजे ज्या असमान वीजवाटपाने शेलूबाजारसारख्या गावांतील मोडेम बंद ठेवले, त्याच वाटपाने त्या मोडेमचे दुसरे टोक मुंबईत नेऊन ठेवले. प्रादेशिक असमतोलाच्या चर्चेत सिंचन आणि रस्ते यांचा अनुशेष मोजला जातो. हा मुद्दा सहसा येत नाही.

बदलाचा क्षण

डेटा सेंटरमध्ये वीज खंडित झाल्यास प्रथम यूपीएसच्या बॅटऱ्या काही मिनिटे भार उचलतात आणि तेवढ्यात डिझेल जनित्रे सुरू होतात. धोका असतो तो या हस्तांतरणात. 24 जुलै 2007 रोजी सॅन फ्रान्सिस्कोमधील एका मोठ्या केंद्रात वीज गेल्यावर काही जनित्रे सुरूच झाली नाहीत आणि अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे बंद पडली. 15 ऑक्टोबर 2022 रोजी दक्षिण कोरियातील पांग्यो येथे बॅटरीकक्षाला आग लागली. वीज तोडावी लागली आणि काकाओ या कंपनीच्या सेवा देशभर ठप्प झाल्या. ब्रॉडबँड ग्राहकाचे नाव व पासवर्ड तपासणारी यंत्रणाही अशाच एखाद्या दूरच्या केंद्रात असते. ती बंद पडली की गावातील तार धडधाकट, मोडेमवरील जोडणीचा दिवा स्थिर, आणि इंटरनेट नाही. लाइनमनने खांबावर चढून तपासावे असे काही उरत नाही.

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा परिसरातील 400 केव्ही वाहिन्यांच्या बिघाडातून मुंबईचा पुरवठा कोसळला. आयलँडिंग अपयशी ठरले, लोकलगाड्या थांबल्या. शेअर बाजारांचे व्यवहार मात्र चालू राहिले. महत्त्वाची केंद्रे जनित्रांवर तगली. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 ऑगस्टच्या निकालानंतर राज्यातील विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुतांशी ऑनलाइन होत होत्या, तोच हा महिना. मुंबई विद्यापीठास त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. प्राध्यापकवर्गाला विजेचे आणि परीक्षेचे हे नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून मिळू लागला होता, पीक विम्याचे अर्जही ऑनलाइन भरले जात होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मुदतीच्या अखेरच्या दिवशी सर्व्हर बंद असणे म्हणजे हंगामाचे संरक्षण हुकणे होय.

काचतंतूनंतर

ऑक्टोबर 2011 मध्ये ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेस केंद्राने मान्यता दिली; तीच पुढे भारतनेट झाली. काचतंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे एक्स्चेंजने ग्राहकाच्या यंत्राला प्रवाह पुरविण्याची जुनी परंपरा येथे संपली. ग्रामपंचायतीतील पेटी चालू ठेवायची तर वीज ग्रामपंचायतीनेच राखली पाहिजे, आणि घरातील पेटीसाठी ज्याच्या त्याने. याच काळात, 31 जानेवारी 2020 रोजी, भारत संचार निगमचे सुमारे 78 हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. बॅटरीसंचात डिस्टिल्ड वॉटर भरणे, सेलचा दाब मोजून नोंदवहीत लिहिणे, जनित्राचे डिझेल पाहणे ही एक्स्चेंजमधील नित्याची कामे होती. मुंबईसाठी 2023 मध्ये खारघर-विक्रोळी ही नवी 400 केव्ही वाहिनी कार्यान्वित झाली.